सिंक्रोट्रॉनवर सॅम्पल पाठवायचं म्हणजे नेमकं कुठे? (उत्तर)

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एम.एस्सी.चा प्रोजेक्ट बॅटरीच्या मँगनीज ऑक्साइडवर आहे, गाइड म्हणतात इंदूरला सिंक्रोट्रॉनवर सॅम्पल लावू. कॉलेजात एक्सआरडी (एक्स-रे टाकून स्फटिकाची रचना ओळखणारं यंत्र) असताना तिकडे कशाला जायचं, आणि वेबसाइटवर दिसणाऱ्या त्या डझनभर ‘बीमलाइन’ म्हणजे काय?

पीएचडीच्या काळात मी तिथे तीनदा गेलोय, त्या अनुभवावरून सांगतो.

आधी एक गैरसमज काढून टाका. सिंक्रोट्रॉन हे मोजमाप करणारं यंत्र नाही, तो दिवा आहे. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातल्या इंडस-२ या रिंगचा परीघ साधारण १७२ मीटर. त्यात २.५ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन सेकंदाला १७ लाखांहून जास्त फेऱ्या मारतात. चुंबक त्यांना वळवतात, आणि वळताना ते एक्स-रे फेकतात. हा प्रकाश वळणांवरून नळ्यांतून बाहेर काढतात. नळी, तिच्यातले आरसे, स्फटिक आणि टोकाशी असलेली शिशाच्या भिंतींची खोली, हे सगळं मिळून एक बीमलाइन. त्या खोलीला सगळे ‘हच’ म्हणतात. दिवा एकच, पण प्रत्येक हचमधली मांडणी निराळी, त्यामुळे एकाच वेळी शेजारी-शेजारी कुणी प्रोटीनचा स्फटिक लावून बसलेला असतो तर कुणी हिऱ्यांच्या दोन टोकांमध्ये पावडर दाबून.

आता तुमच्या कामाचं. कॉलेजातल्या एक्सआरडीत तांब्याची ट्यूब असते, तिची तरंगलांबी ठरलेली, १.५४ अँगस्ट्रॉम. तुम्हाला फक्त फेज कोणती आहे, म्हणजे पदार्थाची स्फटिकरचना कोणती, हे बघायचं असेल तर तेवढं पुरतं, उगाच इंदूरचं तिकीट काढू नका. पण बॅटरी चार्ज झाल्यावर मँगनीजची संयुजा ३+ आहे की ४+, हे एक्सआरडीचा पॅटर्न सरळ सांगत नाही. त्यासाठी तरंगलांबी बदलता यायला हवी, आणि ते सिंक्रोट्रॉनवरच नीट जमतं. तिथे मोनोक्रोमेटरमधले (हवी तेवढीच तरंगलांबी निवडणाऱ्या भागातले) सिलिकॉनचे स्फटिक किंचित-किंचित फिरवत ऊर्जा वाढवतात. ६५३९ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास मँगनीज एकदम जास्त एक्स-रे गिळायला लागतं. ही चढण म्हणजे ‘एज’. मँगनीजची संयुजा वाढली की एज थोडी वरच्या ऊर्जेकडे सरकते. एजच्या पुढच्या लहान-लहान लाटांतून शेजारचे अणू किती अंतरावर आहेत तेही निघतं. सॅम्पल स्फटिकी नसलं तरी चालतं, हा मोठाच फायदा. या लाटांच्या मोजमापाला एक्झाफ्स म्हणतात. हे काम स्कॅनिंग एक्झाफ्स बीमलाइनवर होतं, ती बीएल-०९. तुम्ही तिकडेच अर्ज करा.

बाकीच्यांबद्दल दोन ओळी. बीएल-१२ वर पावडर डिफ्रॅक्शन. खूप कमी प्रमाणातली फेज किंवा बारीकसं विकृतीकरण पकडायचं असेल तर तिकडे. बीएल-१६ वर सूक्ष्म झोताने एक्स-रे फ्लुरोसन्स करून कुठलं मूलद्रव्य कुठे साचलंय याचा नकाशा काढतात, माती-धान्यावर काम करणाऱ्यांना फार उपयोगी. बीएल-२१ प्रोटीनवाल्यांची. इंडस-१ ही शेजारची छोटी रिंग, ४५० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टची. तिचा प्रकाश अतिनील आणि मऊ एक्स-रेंचा, मँगनीजच्या या एजपर्यंत तो पोचत नाही.

आणि आता माझी फजिती, कारण तुम्हीही बहुधा हेच कराल. पहिल्या खेपेला मी ‘जास्त सॅम्पल म्हणजे जास्त सिग्नल’ या हिशेबाने ५० मिलिग्रॅम ऑक्साइडची जाडजूड पेलेट (पावडर दाबून केलेली चकती) नेली. ट्रान्समिशनमध्ये, म्हणजे सॅम्पलच्या आरपार गेलेला प्रकाश मोजताना, एक डिटेक्टर सॅम्पलच्या आधी असतो, एक नंतर. एज ओलांडल्यावर नंतरच्यापर्यंत जवळपास काही पोचलंच नाही. सगळा प्रकाश माझ्या पेलेटने गिळला. ती रात्र तिथल्याच खलबत्त्यात पावडर वाटण्यात गेली. १३ मिलिमीटरच्या डायसाठी (पेलेट दाबायच्या साच्यासाठी) साधारण ५ मिलिग्रॅम ऑक्साइड आणि १०० मिलिग्रॅम बोरॉन नायट्राइड, एवढं पुरतं. बोरॉन नायट्राइड एक्स-रे फारसे अडवत नाही, नुसता पेलेट धरून ठेवतो. अर्थात तुमच्या संयुगाचा हिशेब घरूनच करून जा.

पावडर अगदी मैद्यासारखी बारीक हवी. कण जाड राहिले तर एजची उंची खोटी दिसते.

हचमध्ये शिरताना टीएलडी बॅज (अंगावर किती किरणोत्सार पडला हे नोंदवणारा) लावायचा, बाहेर पडताना आत कुणी राहिलं नाही ना हे बघून ‘सर्च’चं बटण दाबत यायचं. त्याशिवाय शटर उघडतच नाही. पहिल्या दिवशी ते बटण शोधण्यात माझी पाच मिनिटं गेली.

रात्रपाळीआधी सराफ्यात (इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात) पोटभर खाऊ नका, पहाटे तीनला डोळे मिटतात.

आणखी एक. तुमच्या सॅम्पलबरोबर एमएनओ, एमएन-टू-ओ-थ्री आणि एमएनओ-टू (मँगनीजची अनुक्रमे २+, ३+ आणि ४+ संयुजेची ऑक्साइडं) यांच्याही पेलेट नक्की न्या. एज सरकली हे दाखवायला ती कशाच्या तुलनेत सरकली हे दाखवावंच लागतं, आणि त्या तीन पेलेट मोजायचा वेळही अर्जातच मागून घ्या, नंतर मिळत नाही.