गोळी चौकटीबाहेर ठेव

प्रिय मित्रा,

तुझ्या बारा मिनिटांच्या फिल्मची पटकथा वाचली. पाच खून आहेत आणि पाचही कॅमेऱ्यासमोर, रक्तासकट. दुसरा खर्डा लिहायला बसण्याआधी एक जुना अमेरिकी गुंडपट नीट बघ: ‘द पब्लिक एनिमी’, वॉर्नर ब्रदर्सचा, 1931 सालचा, दिग्दर्शक विल्यम वेलमन. जेम्स कॅग्नीला स्टार केलं ते याच सिनेमानं. क्रूर म्हणून त्याचा इतका बोलबाला, पण त्यातल्या बहुतेक हत्या पडद्यावर दिसतच नाहीत. त्या ऐकू येतात.

बघण्याआधी प्रत तपासून घे. पुढे सेन्सॉरचा जाच वाढल्यावर सिनेमा पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा त्याला कात्री लागली होती. शिंपी कॅग्नीचं माप घेतो ते दृश्य तुझ्या प्रतीत नसेल, तर ती कापलेली प्रत आहे. ती बाजूला ठेव आणि पूर्ववत केलेली शोध.

थोडा काळाचा हिशोब. चित्रीकरण 1931 च्या सुरुवातीला काही आठवड्यांत उरकलं, खर्च सुमारे दीड लाख डॉलर. प्रदर्शन 23 एप्रिलला, न्यूयॉर्कमध्ये. आपल्याकडे मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’, भारताचा पहिला बोलपट, लागून तेव्हा सहा आठवडेही झाले नव्हते. ‘आलम आरा’च्या स्टुडिओशेजारून धावणाऱ्या गाड्यांच्या खडखडाटामुळे बरंच चित्रीकरण रात्री करावं लागलं होतं. हॉलिवूड अनुभवानं तीन-चार वर्षं पुढे होतं, पण त्यांचीही अडचण मोठीच होती. त्या काळच्या ध्वनिमुद्रणाची झेप तोकडी. फार हळू आवाज खरखरीत बुडायचा, फार मोठा फाटायचा. दोन-तीन आवाज एकत्र करायचे तर पुन्हा रेकॉर्डिंग आलं आणि दर खेपेला खरखर वाढायची. म्हणून या सिनेमात मागून वाजणारं पार्श्वसंगीत जवळपास नाहीच. जे वाजतं ते दृश्यातलंच: पियानो, ग्रामोफोन, रस्त्यावरचा बँड, क्लबातला वाद्यवृंद. वेलमनचं कसब असं की ही अडचण त्यानं कामाला लावली. एका वेळी एकच आवाज, आणि तो गोष्टीतून आलेला.

आता बघायचं कसं. पहिल्यांदा सरळ बघ, काही लिहू नकोस. दुसऱ्यांदा पडद्यावर कापड टाक आणि फक्त ऐक. तिसऱ्यांदा आवाज बंद कर. मग वहीत चार रकाने आख: वेळ, काय दिसतं, काय ऐकू येतं, आवाजाचा उगम चौकटीत आहे की बाहेर. अख्ख्या सिनेमाची अशी नोंद करायला गेलास तर विसाव्या मिनिटाला कंटाळशील. चार दृश्यं पुरेत.

सगळ्यात जास्त वेळ दे तो पटी नोजच्या खुनाला. टॉम (म्हणजे कॅग्नी) आणि त्याचा जोडीदार मॅट पोरसवदा असताना या माणसानं त्यांना चोरीला लावलं आणि ऐन वेळी वाऱ्यावर सोडलं. मोठे झाल्यावर ते त्याच्या घरी येतात. तो गयावया करतो, जुनी ओळख काढतो, पियानोशी बसतो आणि लहानपणी त्यांना ऐकवलेलं चावट गाणं वाजवू लागतो. टॉम त्याच्या मागे उभा. पिस्तूल निघतं आणि कॅमेरा तिथून सरकत दाराशी उभ्या असलेल्या मॅटवर जातो. गाणं चालूच. मग गोळीचे आवाज, पियानोच्या पट्ट्यांवर काहीतरी कोसळल्याचा बेसूर गलका आणि मॅटचा चेहरा. टॉम चौकटीत परत येतो आणि मैत्रिणीला फोन करायचं बोलत निघून जातो.

हे का जमलं ते रकान्यांत दिसेल. गाणं आपण आधी ऐकलेलं आहे, त्यामुळे ते तुटतं तेव्हा कुठे तुटलं ते कळतं. मरणाऱ्याचे हात पियानोवर आहेत, म्हणून शरीर पडल्याची बातमी पियानोच देतो. वेगळी किंकाळी लागत नाही. आणि सर्वात महत्त्वाचं, कॅमेरा गोळीच्या आधी मॅटवर पोचून स्थिरावलेला आहे. नवखे इथेच चुकतात. बार होतो आणि मग ते घाईघाईनं प्रतिक्रियेच्या शॉटवर कापतात. तोवर चेहऱ्यावरचा पहिला धक्का निसटलेला असतो आणि हाती येतो तो नटाचा ‘धक्का बसल्याचा अभिनय’.

दुसरं दृश्य कोळशाचं. रस्त्यावर कोळशाची गाडी रिकामी होते, खडखडाट होतो, टॉम आणि मॅट दचकून अंग चोरतात. काय आहे ते कळल्यावर हसतात. लगेच समोरच्या खिडकीतून खरी मशिनगन सुरू होते आणि मॅट पडतो. ही हत्या मात्र दिसते, आणि दिसते म्हणूनच वेगळी लागते. खोटा आवाज आधी, खरा नंतर. मधलं अंतर हसू ओसरण्याइतकंच. जास्त ठेवलंस तर प्रेक्षक सावध होतो. भिंतीच्या कोपऱ्यावर उडालेले टवके मात्र खऱ्या गोळ्यांचे आहेत, नेमबाज बसवून मारलेले, कॅग्नी कोपऱ्याआड सरकल्यावर क्षणात. त्या काळी असले प्रकार चालत. तू बंदूक भाड्यानं आणणार असशील तर विचारसुद्धा बदल. गोळी नसलेल्या, नुसती दारू भरलेल्या काडतुसानंही माणसं दगावली आहेत. लाकडी किंवा रबरी पिस्तूल वापर, आणि रस्त्यावर काढायचं असेल तर आधी पोलिस ठाण्यात लेखी कळव.

तिसरं, पावसातलं. टॉम एकटाच शत्रूच्या अड्ड्यात शिरतो. कॅमेरा बाहेरच थांबतो. आतून गोळीबार, किंचाळी, मग तो धडपडत बाहेर येतो आणि पदपथाच्या कडेला कोसळतो. आत कोण कुठे उभं होतं, कोणी आधी झाडली, काही कळत नाही आणि कुणाला विचारावंसंही वाटत नाही. निर्मात्याच्या बाजूनंही बघ: आतला सेट नाही, मारामारीची तालीम नाही.

चौथं शेवटचं. घरी ग्रामोफोनवर ‘आयॅम फॉरेव्हर ब्लोइंग बबल्स’ लागलंय, आई वर गुणगुणत टॉमचं अंथरूण घालतेय, दार वाजतं, भाऊ उघडतो आणि बँडेजमध्ये गुंडाळलेलं प्रेत तोंडावर आत पडतं. तबकडी संपते, सुई खरखरत राहते. ते एकदा आवाज बंद करून बघ. निम्मी भीती गेलेली असेल.

आता तुझ्या पटकथेकडे. दुसरा खून गॅरेजमध्ये आहे, तिथे कॉम्प्रेसर आहेच. तो पहिल्या गॅरेज-दृश्यात सहज चालू-बंद होऊ दे, म्हणजे त्याचा आवाज प्रेक्षकाच्या कानात बसेल. खुनाच्या वेळी कॅमेरा बाहेर चहा ढवळणाऱ्या पोरावर ठेव. बार तयार संग्रहातून उचलून थेट चिकटवू नकोस. तो कोरडा आणि कानाशी वाजल्यासारखा येतो. तोच बार खऱ्या गॅरेजमध्ये स्पीकरवर वाजव, शटर अर्धं ओढ आणि कॅमेरा जिथे होता तिथे माइक ठेवून पुन्हा रेकॉर्ड कर. पत्र्याचा घुमारा आपोआप येईल. रेकॉर्डिंग 24 बिट, 48 किलोहर्ट्झ, पातळी वजा 12 डेसिबलच्या आसपास. आधी एक चाचणी घे, कारण पातळी फाटली तर नंतर काही करता येत नाही. दोन गोळ्या असतील तर त्यांतलं अंतर मोजून सारखं ठेवू नकोस. आणि प्रत्येक जागेचा नुसता सामसूम आवाज मिनिटभर घेऊन ठेव, सगळ्यांना गप्प बसवून, पंखे आणि फ्रिज बंद करून. हे शेवटच्या दिवसावर ढकललं की राहतंच.

चौथा खून तू पावसात लिहिलायस. टँकरचा पाऊस मागून प्रकाश दिल्याशिवाय कॅमेऱ्यात दिसत नाही, आणि पंपाचा घरघराट थेट ट्रॅकवर येतो. म्हणून त्या दृश्यात संवाद ठेवू नकोस. पावसाचा आवाज वेगळा घे. वेलमनच्या त्या दृश्यातही कॅग्नीच्या तोंडी एकच ओळ आहे.

नटांबद्दल एक. टॉमच्या भूमिकेसाठी आधी एडवर्ड वुड्स ठरला होता, कॅग्नी मॅट करणार होता. चित्रीकरण सुरू झाल्यावर दोघांची अदलाबदल झाली, लहानपणीची पोरं मात्र तशीच राहिली. म्हणून छोटा मॅट कॅग्नीसारखा दिसतो आणि छोटा टॉम वुड्ससारखा. कुणाचं अडलं नाही. तुझा सहायक नट नायकाला खाऊन टाकतोय असं पहिल्याच दिवशी दिसलं, तर संकोच बाळगू नकोस.

राहिली तुझ्या शेवटची पाटी: ‘गुन्हेगारीचा अंत वाईटच.’ ‘द पब्लिक एनिमी’लाही आधी आणि शेवटी अशाच पाट्या आहेत: गुंडाचा गौरव नव्हे, समाजातल्या एका थराचं प्रामाणिक चित्रण. न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षकानं सिनेमा आणखी एक गुंडपट म्हणून निकालात काढला, कथा कमकुवत आणि अभिनय सरस असा शेरा मारून. कथेला ऑस्करचं नामांकन मिळालं, पारितोषिक नाही. प्रेक्षकांच्या लक्षात राहिला तो कॅग्नी, बाईच्या तोंडावर ग्रेपफ्रूट चेपणारा. पाट्यांनी टीकाकारांचंही समाधान झालं नाही. 1930 मध्ये कागदावर आलेला प्रॉडक्शन कोड, म्हणजे पडद्यावर काय दाखवू नये याची हॉलिवूडची नियमावली, 1934 च्या जुलैपासून कडकपणे राबवला गेला, आणि 1935 मध्ये त्याच वॉर्नर ब्रदर्सनं त्याच कॅग्नीला सरकारी गुप्तहेर करून पडद्यावर आणलं. तीच चाल, तोच तोरा, फक्त खिशात बिल्ला.

पाटी काढ. त्या सहा सेकंदांत गॅरेजचा कॉम्प्रेसर चालू राहू दे. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या आणि चौथ्या खुनाचे भरलेले चार रकाने आधी पाठव, पटकथा मागाहून.

तुझा,
एक जुना प्रेक्षक