चाळीस प्रयोगांचा चाकू

प्रिय दोस्ता,

परवा दीनानाथ नाट्यगृहात सेट लागत असताना तू मोबाईलवर त्या सेबेन्झा चाकूचा फोटो पुढे केलास, दादा हा घेऊ का, आणि मी नंतर सांगतो म्हणून निघून गेलो. तुला टाळल्यासारखं वाटलं असेल. तसं नव्हतं रे. घाईत बोललो असतो तर नुसतं नको म्हणून मोकळा झालो असतो, आणि ज्या वस्तूत तुझा जीव अडकलाय तिच्याबद्दल असं एका शब्दात उडवून लावणं मला बरं वाटलं नाही. चांगला चाकू दिसला की माझाही हात पुढे जातो, तीस वर्षं बॅकस्टेजला काढली, एवढ्या वर्षांत चाकूशिवाय कधी राहिलो नाही.

आधी पैशाचं बोलून टाकू. ड्युटी, कुरियर सगळं धरून ४८ हजार म्हणालास. तुला प्रयोगाचे १२०० मिळतात, म्हणजे ४० प्रयोग. ४० वेळा टेम्पोत सेटचे फ्लॅट, त्या कापड ताणलेल्या चौकटी, चढवायचे, उतरवायचे, रात्री साडेबाराला सगळं बांधून शेवटची लोकल गाठायची. तुझे पैसे आहेत, तू कमावलेस, कुठे घालायचे ते तूच ठरवणार, पण ठरवताना तो आकडा एकदा प्रयोगांत मोजून बघ.

आता चाकू. तो सेबेन्झा मी हातात घेतलाय. अमेरिकेच्या दौऱ्यात ज्यांच्या घरी उतरलो होतो त्यांच्याकडे होता. टायटॅनियमच्या दोन करड्या पट्ट्या, हाताला किंचित खरखरीत. अंगठ्याने पातं ढकललं तर ते सरळ रेषेत गेलं आणि शेवटी असा घट्ट आवाज आला की जुन्या लोखंडी कपाटाचं हँडल बसतं ना, तसा. टोक धरून वर-खाली हलवलं, बाजूला हलवलं, केसभर हलेना. मिटवला तर पातं दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये, दोन्हीकडे सारखी फट. मी पाच मिनिटं तो नुसता उघडत आणि मिटत बसलो होतो, त्या काकूंनी दोनदा चहाला हाक मारली. क्रिस रीव्ह म्हणून मूळचा दक्षिण आफ्रिकेचा माणूस, पुढे अमेरिकेत आयडाहोला गेला, उघडलेलं पातं मिटू नये म्हणून त्याने हे लॉक काढलं, मुठीचीच एक पट्टी कापून अशी वळवलेली असते की पातं उघडलं की ती त्याच्या बुडाशी येऊन बसते, वेगळा तुकडाच नाही. आणि सेबेन्झा हा तिकडच्या झुलू भाषेतला शब्द आहे, अर्थ 'काम'. म्हणजे बनवणाऱ्याने तो कपाटात ठेवायला नाही बनवला, हे डोक्यात ठेव, पुढे लागेल.

तर हो, महागात फरक असतो. कशात असतो ते मात्र नीट समजून घे, कारण बहुतेक पोरं ज्यासाठी पैसे देतात तो फरक त्यांना कधी कळतच नाही.

माझ्या मते पहिला फरक लॉकचा. माझ्या डाव्या तर्जनीवर आडवा व्रण आहे बघ, तू एकदा विचारलंही होतंस. रस्त्यावरून घेतलेला तीनशे रुपयांचा घडीचा चाकू होता, त्यावर कंपनीचं नावही नव्हतं, आत पातळ पत्र्याचं लॉक. विंगेत प्लायमध्ये अडकलेली दोरी टोकाने दाबून काढत होतो आणि ती पट्टी सटकली, पातं मिटलं ते थेट बोटावर. चार टाके. तिसरी घंटा झालेली, प्रयोग मी हाताला फडकं गुंडाळून केला. लॉक पात्याला काठावर पकडतंय की चांगलं आत येऊन बसतंय हे नुसतं बघूनही कळतं, पण तेव्हा बघायचं काय हेच मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून लॉकसाठी, बनावटीसाठी, पातं डुगडुगू नये यासाठी पैसे द्यायला मी कधीच नाही म्हणणार नाही. फक्त तेवढं मिळायला ४८ हजार लागत नाहीत, चार-पाच हजारांपासून पुढे ते मिळायला लागतं.

उरलेले पैसे स्टीलला, टायटॅनियमला, फिनिशला आणि नावाला जातात. त्याच्या पात्याच्या स्टीलचं नाव घेऊन तू सारखं मॅग्नाकट मॅग्नाकट करत होतास. चांगलंच स्टील आहे ते, लॅरिन थॉमस नावाच्या धातुतज्ज्ञाने बनवलं, २०२१ला आलं, धार टिकते, सहज तुकडा उडत नाही आणि गंज जवळजवळ धरत नाही, आपल्या खाऱ्या दमट हवेत ही शेवटची गोष्ट मोठीच. पण आपण दिवसभर कापतो काय? सुतळी, गॅफर टेप, केबल टाय, पुठ्ठा, थर्माकोल. टेपचा गोंद कुठल्याही पात्याला सारखाच चिकटतो. आणि फ्लॅटच्या कापडात स्टेपल असतात, पातं त्यावर गेलं की स्टील कितीही भारी असो, धारेला खाच पडू शकते. मग ती घालवायला बसावं लागतं, आणि ह्या नव्या स्टील्समध्ये व्हॅनेडियम असतं, त्याचे कार्बाइडचे कण आपल्या साध्या दगडापेक्षा कडक, मॅग्नाकट त्यातल्या त्यात सोपं पण नीट करायचं तर डायमंड प्लेटच बरी, हिऱ्याचे बारीक कण बसवलेली पट्टी. स्विस व्हिक्टोरिनॉक्सचं पातं ५६ एचआरसीच्या आसपास, हे स्टीलच्या कडकपणाचं माप, म्हणजे मऊच, पण कुठेही दोन मिनिटांत धार परत येते. माझी आई कपाच्या बुडाची ती बिनग्लेझची खरखरीत कडा असते ना, त्यावर सुरी चार वेळा इकडून चार वेळा तिकडून ओढायची आणि टोमॅटो चिरायला घ्यायची, सालीवर पातं टेकलं की साल आपोआप फाटायची, दाबावं लागायचं नाही.

आणि खरं सांगू, तुला अजून धार लावता येत नाही. रागावू नकोस. परवा तुझ्या कटरने दोरी कापताना बघितलं, कापत नव्हतास, करवतत होतास. धार येत नसेल तर ४८ हजारांचा चाकू सहा-आठ महिन्यांनी बोथट होणार, मग तू तो त्या सायकलवाल्या धारवाल्याकडे नेणार, तो बिचारा त्याच्या फिरत्या चाकावर लावणार, ठिणग्या उडणार, धार तापली की तिचा कडकपणा जातो, म्हणजे ज्यासाठी एवढे मोजले तेच उडालं.

दुसरं म्हणजे आपलं शहर. पाश्चात्त्य लोक व्हिडिओत म्हणतात रोज खिशात ठेवा. तू रोज मेट्रोने येतोस, बॅग मशीनमधून जाते, चाकू दिसला की बाजूला घेतात. आर्म्सच्या नियमात लायसन लागतं ते ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याला, आणि त्यातूनही घरकामाची, शेतीची, धंद्याची हत्यारं वगळलेली आहेत, ते खरं, पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाईहुकूम निघतात त्यात चाकूही येतो, आणि रात्री एक वाजता नाक्यावरच्या हवालदाराला अंगठ्याने खट्कन उघडणारं पातं दिसलं तर त्याच्या डोक्यात पहिला शब्द रामपुरीच येणार, टायटॅनियम नाही. विमानाने दौरा असला की केबिनमध्ये चालतच नाही, चेक-इन बॅगेत टाकायचा. म्हणून माझा चाकू टूलबॉक्समध्ये राहतो आणि टूलबॉक्स टेम्पोने जातो. तो टेम्पो किती हातांतून जातो ते तुला माहिताय. ४८ हजारांची वस्तू तू त्यात टाकशील? नाही टाकणार. घरी कपाटात ठेवशील आणि प्रयोगाला ते निळं कटरच आणशील. झुलूतला अर्थ आठव.

मी काय वापरतो? त्याच अमेरिकेच्या दौऱ्यात स्पायडर्को कंपनीचा घेतला, पात्याला गोल भोक असलेला, १९८१पासून ते भोक त्यांची ओळखच झालंय, दुसऱ्या हातात दोरी धरलेली असली तरी एका अंगठ्याने उघडतो. तेव्हा आठेक हजार पडले आणि मला ते जड गेले होते, बायकोला महिनाभर सांगितलं नव्हतं. आज तीनेक हजार प्रयोग झाले असतील, पातं धार लावून लावून थोडं बारीक झालंय, लॉक अजून तसंच बसतं. तो पैसा मला एकदाही खुपला नाही.

तुला मी आत्ता म्हणेन ओपिनेल घे, ८ नंबर, स्टेनलेसवाला. फ्रान्सच्या सव्हॉय भागातला, १८९०पासून बनतोय, लाकडी मूठ, साडेआठ सेंटीमीटरचं पातं, आणि गळ्याशी स्टीलची कडी, ती फिरवली की लॉक. ही कडी १९५५ला आली. दोन हात लागतात, पण नाक्यावर कोणी दचकणार नाही. कार्बन स्टीलवाला घेऊ नकोस, ते गंजतं, जुलैत इथे लिंबू कापून तसाच ठेवलास तर सकाळी तांबूस डाग. आणि पावसात लाकूड फुगून पातं अडकेल, तेव्हा नखाने ओढत बसू नकोस, मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर हलकं आपट, पातं थोडं बाहेर येतं, सव्हॉयचे लोकही तसंच करतात. वर्षभर तो वापर. वर्षाने तुझ्या डोळ्यासमोर नेमकं असेल की तुला काय कमी पडतं, एका हाताने उघडणं, की धार टिकणं, की काहीच नाही. तेव्हाही सेबेन्झाच हवासा वाटला आणि तो टेम्पोतल्या टूलबॉक्समध्ये टाकायची तुझी तयारी असली, तर घे, मी स्वतः तुझ्याबरोबर बसून ऑर्डर करीन.

रविवारी शिवाजी मंदिरला दुपारचा प्रयोग आहे, तू तासभर आधी ये. मी धार लावायचा हजार ग्रिटचा दगड आणि पाण्याची बाटली आणतो, मागच्या पायरीवर बसू. धार उलट्या बाजूला वळली की बोटाला बारीक खरखर लागते, कारखान्यात तिला 'बर' (burr) म्हणतात, ती बोटाला ओळखता यायला हवी, ते लिहून नाही सांगता येत. येताना घरची भाजीची सुरी आण, सगळ्यात बोथट असेल ती, आणि आईला विचारून आण.

तुझा,
दादा