लंगर आणि नांगर, एकच का दोन?

परवा लातूरच्या एका मित्राचा मेसेज आला. त्याची पोरगी हिंदीच्या पुस्तकात 'जहाज ने लंगर डाला' वाचायली होती आणि मधीच थांबून म्हणली, पप्पा, जहाजावर बी नांदेडच्या गुरुद्वाऱ्यासारखं जेवायला देतेत का? तो लई हसला, पण नंतर त्यालाच उत्तर येईना. मग मला विचारलं की हे दोन लंगर एकच आहेत का, आपला नांगर त्यातूनच निघाला का, आणि जेवणाच्या लंगरला नीट मराठी शब्द कोणता.

पोरगी काय फार चुकली नाही बघा. शब्द एकच आहे, फारसी. फारसीत लंगर म्हणजे जहाज जागेवर धरून ठेवणारं ते जड लोखंड, आणि लंगर म्हणजेच सुफींच्या खानकाहीतलं, म्हणजे मठातलं, ते ठिकाण जिथं वाटसरू, फकीर, कुणीबी आलं तरी जेवण मिळायचं. म्हणजे समुद्राचा आणि समाजाचा असे दोन्ही अर्थ तिकडंच होते, आपण काही जोडलं नाही. आपल्या खुलताबादला चौदाव्या शतकात सुफी येऊन राहिले, तिथं खानकाही झाल्या, त्यामुळं हा शब्द मराठवाड्याच्या कानावर आधीपासून असणारच. पंजाबात गुरू नानकांनी ती रीत सुरू केली, त्यांच्यानंतरचे गुरू अंगददेव यांच्या पत्नी माता खिवी यांच्या लंगरचा उल्लेख तर खुद्द गुरू ग्रंथसाहिबात आहे, आणि 1708 मध्ये गुरू गोविंदसिंहांचं निर्वाण नांदेडला झालं तेव्हापासून गोदावरीच्या काठावर तो शब्द असा बसलाय की आमच्याकडं कुणी 'लंगर फारसी आहे' म्हणलं तर लोक तोंडाकडं बघतेत. नांदेडात लंगर साहिब नावाचा वेगळा गुरुद्वाराच आहे.

जाता जाता अजून एक अर्थ सांगतो, कारण आपण मराठवाड्यातले लोक 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होतो आणि जुन्या लोकांनी हैदराबादच्या मोहरमातल्या 'लंगर'च्या मिरवणुकीचं ऐकलेलं असायचं. तिथला लंगर म्हणजे हत्तीच्या पायातला साखळदंड. गोष्ट अशी सांगतात की गोवळकोंड्याचा सुलतान अब्दुल्ला कुतुबशाह लहान असताना त्याचा हत्ती बिथरून त्याला घेऊन पळाला, तेव्हा आईनं, हयात बख्शी बेगमनं नवस केला की पोरगं सुखरूप आलं तर हत्तीच्या साखळदंडाएवढी सोन्याची साखळी वाहीन. पोरगं आलं, साखळी वाहिली, आणि मग ते सोनं गोरगरिबांत वाटलं. गोष्ट खरी-खोटी काय असंल ते असो, पण साखळदंड आणि दानधर्म एका शब्दात कसे बसले ते दिसतं.

आता नांगर. इथं खरी मजा आहे. शेतातला नांगर फारसी अजिबात नाही, तो संस्कृत 'लाङ्गल', ऋग्वेदात आहे. पालीतच त्याचं 'नंगल' झालं होतं, म्हणजे पहिला ल जाऊन न आला, मराठीत शेवटच्या ल चा र झाला आणि नांगर तयार. देगलूर-बिलोलीकडं तेलुगू बोलणाऱ्या माणसाला विचारा, तो 'नागलि' म्हणंल, उदगीरच्या पलीकडं कन्नडमध्ये 'नेगिलु'. सगळं जवळजवळचंच. आणि बोटीचा नांगर तो फारसी लंगर. मराठी माणसाच्या तोंडात नांगर आधीच होता, त्यात लोखंडाचं टोकदार जड काहीतरी, दोरीला बांधून खाली सोडायचं आणि ते तळाच्या गाळात रुतणार, अगदी फाळ मातीत रुततो तसं, मग लंगर म्हणायच्या ऐवजी नांगर म्हणणं सोपंच गेलं असणार. बंगालीत बघा उलटा खेळ झालाय, तिथं शेतातला 'लाङल' राहिला आणि जहाजाचा 'नोंगर' झाला. त्यांनी दोघं वेगळे ठेवले, आपण एक केले. गुजरातीत जहाज 'लांगरतात', आपण नांगरतो. म्हणून मराठीत 'नांगरलेलं' एवढंच म्हणलं तर रान का बोट ते पुढचा शब्द आल्याशिवाय कळत नाही.

आमच्याकडं अर्थातच रानच कळतं. समुद्र कुठंय इथं, फार तर पैठणचा नाथसागर. माझ्या आजोबांना मी एकदा पेपरातली बातमी वाचून दाखवली होती, 'बंदरात तीन जहाजं नांगरून पडली आहेत'. नांगराच्या रुमण्याला हात लावून बसले होते, म्हणले, 'पाण्यात काय पेरायलेत रे?' त्यांच्या हिशेबानं बरोबरच होतं, रानात नांगर घातला की काम सुरू होतं, पाण्यात नांगर टाकला की काम थांबतं. मी लाख समजावलं, त्यांना ते शेवटपर्यंत पटलं नाही.

जहाजाच्या बाबतीत मराठीत नांगरच लिहा, लंगर लिहिलं की हिंदी वाटतं. अँकर म्हणणारेबी आहेत, पण त्या शब्दाला आता जागाच राहिली नाही, गॅदरिंगला माईक धरणारा अँकर, टीव्हीवर ओरडणारा अँकर, पेपरवाल्यांची पान एकवर खाली येणारी बातमी ती बी अँकर.

जेवणाच्या लंगरला मात्र एकच एक शब्द देऊ नका. अन्नछत्र जवळचा आहे, रोज चालतं, कुणालाबी चालतं. सदावर्त पण तसंच, पण त्यात कोरडा शिधा देण्याची बी रीत आहे. भंडारा एखाद्या दिवशी असतो, सप्त्याच्या शेवटी काला झाला की महाप्रसाद. कंदुरी म्हणाल तर ती दर्ग्याला नवस फेडायची, बोकड कापून, आणि गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये सहसा मटण नसतं, त्यामुळं तो शब्द तिथं वापरला तर पंचाईत होईल. गंमत म्हणजे कंदुरीबी फारसीच. मला विचाराल तर सगळ्यात जवळचा शब्द 'पंगत', कारण राजा असो का रंक एका ओळीत खाली बसायचं हाच लंगरचा जीव आहे, आणि पंजाबीतसुद्धा त्याला पंगतच म्हणतात, 'पहले पंगत फिर संगत'. फक्त आपल्या पंगतीला आमंत्रण लागतं, त्यांच्या नाही.

म्हणून मी तरी लंगरला लंगरच म्हणतो. पोरीला सांग, जहाजावरच्या लंगरमध्ये डाळ-रोटी मिळत नाही, पण पुढच्या खेपेला नांदेडला आलात की दुसरा दाखवतो.