अ‍ॅडिरॉन्डॅकमधील स्नोमोबाइलच्या वाटांवर आई-वडिलांना घेऊन पायी चालता येईल का?

आपण विचारले आहे की, महाराष्ट्रातून काही महिन्यांसाठी आलेल्या आई-वडिलांना न्यूयॉर्क राज्यातील अ‍ॅडिरॉन्डॅकचे जंगल दाखवायचे आहे, वडिलांचे गुडघे दुखतात, आणि नकाशावर ‘स्नोमोबाइल ट्रेल’ (बर्फावरून धावणाऱ्या, मोटारसायकलसारख्या गाड्यांची वाट) म्हणून दाखवलेल्या रुंद, सपाट वाटा सोयीच्या वाटतात. तर त्यांवर चालण्याची मुभा आहे का आणि ते सुरक्षित आहे का. मी याच राज्यातील ऑल्बनीत राहतो आणि माझ्या आई-वडिलांना अशाच वाटांवर दोनदा नेले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सरकारी वनजमिनीवरील अशा वाटांवर पायी चालता येते, आणि त्या खरोखरच सोप्या असतात. यांतील कित्येक वाटा म्हणजे लाकूडतोडीच्या काळातील जुन्या गाडीवाटा आहेत, त्यामुळे दोन माणसे बोलत बोलत शेजारी-शेजारी चालू शकतात, ओढ्यांवर स्नोमोबाइलचे वजन पेलणारे भक्कम लाकडी पूल असतात आणि झाडांवर वाट दाखवणाऱ्या नारिंगी गोल चकत्या ठोकलेल्या असतात. सह्याद्रीत ढोरवाटांनी चकवलेल्या माणसाला इतकी मळलेली वाट पाहून हायसे वाटते.

मात्र ही वाट हिवाळ्यासाठी आखलेली आहे, ही गोष्ट नकाशा सांगत नाही. हिवाळ्यात दलदल गोठून दगडासारखी घट्ट होते, तिच्यावर दोन-तीन फूट बर्फ साचते, आणि मग स्नोमोबाइलसाठी सर्वांत सरळ व सपाट मार्ग त्या दलदलीवरूनच जातो. तीच वाट जूनमध्ये गुडघाभर चिखलात उतरते. पहिल्या वेळी मी आई-वडिलांना जूनच्या आरंभी ओल्ड फोर्ज या गावाजवळच्या एका वाटेवर नेले होते. पहिला मैलभर यलो बर्च आणि मेपलच्या सावलीतून आम्ही आनंदाने चाललो, आणि त्यानंतर वाट एका पाणथळ मैदानात शिरून दिसेनाशी झाली. पलीकडच्या काठावर नारिंगी चकती स्पष्ट दिसत होती, पण मध्ये पाणी होते. त्यातच काळ्या चावऱ्या माश्यांनी आईच्या कानामागे आणि मानेवर इतके चावे घेतले की तिला पुढे दोन दिवस सूज होती. या माश्यांचा जोर साधारणपणे मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत असतो, त्यामुळे वडीलधाऱ्यांसाठी हे दिवस टाळावेत असे माझे स्पष्ट मत आहे. निघण्यापूर्वी नकाशावर वाटेची रेघ पाणथळ जागेच्या खुणांवरून किंवा थेट तळ्यावरून जाते का, एवढे पाहून घ्यावे. तळ्यावरून जात असेल तर तो केवळ गोठलेल्या तळ्यावरचा मार्ग आहे, असे समजावे.

दुसऱ्या वेळी आम्ही ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गेलो. माश्या नव्हत्या, जमीन बरीच सुकलेली होती आणि मेपलची लाल पाने वाटभर पसरलेली होती. वडील काठी टेकत न थांबता तासभर चालले. त्या महिन्याच्या उत्तरार्धात बंदुकीने हरणांची शिकार करण्याचा मुख्य हंगाम सुरू होतो, त्या काळात जायचे असल्यास सर्वांनी भडक नारिंगी रंगाचे जाकीट किंवा टोपी घालावी.

जमिनीच्या मालकीचा प्रश्नही पाहावा लागतो. अ‍ॅडिरॉन्डॅक पार्क १८९२ साली स्थापन झाले, त्याचा विस्तार सुमारे ६० लाख एकर आहे, पण त्यातील निम्म्याहून अधिक जमीन खासगी आहे. शेजारच्या व्हर्माँट राज्यात तर स्नोमोबाइलच्या बहुतेक वाटा शेतकऱ्यांच्या आणि इतर खासगी मालकांच्या जमिनीतून जातात, तेथील स्नोमोबाइलचा हंगाम १६ डिसेंबर ते १५ एप्रिल एवढाच असतो, आणि मालकाने दिलेली परवानगी बहुधा तेवढ्यापुरतीच असते. तेथे उन्हाळ्यात ‘वाट तर दिसते आहे’ म्हणून आत शिरणे योग्य नाही.

या वाटा किती रुंद असाव्यात, हा वादाचा विषय आहे आणि मला तो महत्त्वाचा वाटतो. येथील सरकारी वने ‘कायम रानवट’ ठेवली जातील, असे वचन राज्याच्या घटनेत १८९४ पासून आहे. गावांना जोडणाऱ्या, सुमारे २७ मैल लांबीच्या नव्या स्नोमोबाइल वाटा ९ ते १२ फूट रुंद करण्यासाठी लहान-मोठी मिळून सुमारे २५ हजार झाडे तोडावी लागणार होती. २०२१ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हे काम घटनाबाह्य ठरवले. आपल्या वडिलांसारख्यांना रुंद वाट हवीशी वाटते हे मला मान्य आहे, तरीही तो निकाल मला योग्य वाटतो, कारण जुन्या गाडीवाटा आधीच भरपूर आहेत.

हिवाळ्यात जाणार असाल तर बर्फावरचे जाळीदार बूट, म्हणजे स्नोशू, अवश्य घालावेत. साध्या बुटांनी बर्फात खोल खड्डे पडतात, ते रात्री गोठतात आणि दुसऱ्या दिवशी वेगाने येणाऱ्या चालकाला धोकादायक ठरतात. ती वाट सपाट ठेवण्यासाठी स्थानिक क्लबांचे स्वयंसेवक रात्ररात्र राबतात, याचीही जाणीव असावी. वाटेच्या अगदी कडेने, एकामागे एक चालावे, कानात काही घालू नये, आणि आवाज येताच वाटेबाहेर उभे राहावे, कारण शिरस्त्राण घातलेल्या चालकाला आपली हाक ऐकू जात नाही. पुढचा चालक बोटे उंचावून मागे किती गाड्या आहेत ते दाखवतो आणि शेवटचा मूठ वर करतो. ती मूठ दिसेपर्यंत वाटेवर परतू नये. डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून तीन वाजण्यापूर्वी मागे वळावे.

आपल्या वडिलांच्या गुडघ्यांचा विचार करता, जंगलातील वाटेऐवजी सुरुवात लेक प्लॅसिड ते सारानॅक लेक या गावांदरम्यानच्या जुन्या लोहमार्गावरील वाटेने करावी, असे मी सुचवेन. ही वाट साधारण १६ किलोमीटर लांब आहे आणि हिवाळ्यात तिच्यावरही स्नोमोबाइल धावतात. पण रेल्वेला तीव्र चढ झेपत नसल्याने तिला चढ जवळजवळ नाहीच, आणि बारीक खडी दाबून बसवलेली असल्याने चिखलही होत नाही. सारानॅक लेकच्या बाजूने निघून अर्धा तास चालावे आणि तेथूनच परत फिरावे. वडिलांना ते सहज जमले, तर दुसऱ्या दिवशी ओल्ड फोर्जकडे जावे.