पक्षाघातानंतरच्या पहिल्या दिवसांत हालचाल तपासताना
रुग्णाला उभे करून पाहण्याची घाई करू नका. आधी रक्तदाब, शुद्धी आणि आकलन तपासा, कारण वाचाघात (मेंदूला इजा झाल्याने बोलणे किंवा बोललेले समजणे बिघडणे) झालेल्या रुग्णाने सांगितलेली कृती केली नाही, म्हणून त्याला ती जमतच नाही असे ठरत नाही. धडाच्या नियंत्रणाची चाचणी मला सर्वांत उपयुक्त वाटते: दोन्ही कुशींवर वळणे, उठून बसणे आणि पाय अधांतरी ठेवून पलंगाच्या कडेवर 30 सेकंद तोल सांभाळणे, या चार कृतींना प्रत्येकी 0, 12 किंवा 25 गुण देतात. दुर्बल हात ओढून रुग्णाला उठवणे (नातेवाईक हमखास करतात) कटाक्षाने टाळा. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एव्हर्ट (AVERT) या पक्षाघाताच्या रुग्णांवरील अभ्यासात पहिल्या 24 तासांतच सुरू केलेल्या जास्तीच्या हालचालीने तीन महिन्यांनंतरची स्थिती उलट खालावलेली दिसली. तेव्हा पहिली तपासणी आटोपशीरच ठेवा.