एकटा ग्लास चाखू नको

पोरी,

तुझा मेसेज परवा रात्री वाचला. फोनच करणार होतो, पण ताई शेजारी बसलेली असते आणि "मामा भाचीला दारू शिकवतोय" हे मला पुढची दहा वर्षं प्रत्येक लग्नात ऐकावं लागेल, म्हणून लिहूनच पाठवतोय. सुट्टीच्या दिवशी निवांत वाच.

तुझी अडचण अशी की पुण्याच्या हॉटेलात पुढच्या महिन्यापासून तुला वाईनवर टाकतायत, ट्रेनिंगला सगळी पोरं ग्लासात नाक घालून ब्लॅककरंट, सीडार, लेदर असलं काय काय म्हणतात, आणि तुला मात्र नुसतं आंबट आणि तुरट लागतं. अगं मग बरोबर लागतंय की! वाईन आंबट आणि तुरटच असते, बाकीचं सगळं त्याच्या नंतर. ज्यांना पहिल्या दिवशी लेदर लागलं त्यातल्या निम्म्यांनी ते बाटलीच्या मागच्या लेबलवर वाचलेलं असतंय.

मी काही मोठा जाणकार नाही हे आधीच सांगतो. 2001 ला सरकारनं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, तिकडं विंचूरला आणि इकडं आपल्या पलूसला वाईन पार्क झाले, आणि आम्हा सगळ्यांना वाटलं आता तासगावचा फ्रान्स होतोय. नाही झाला. मी तिथल्या एका युनिटच्या लॅबमध्ये सात वर्षं काढली, शेवटचे चार पगार अजून यायचेत, तो विषय नको. पण त्या सात वर्षांत हजारो ग्लास तोंडात घेतले आणि थुंकले, आणि त्यातून एकच गोष्ट पक्की कळली ती सांगतो. एकटा ग्लास कधी चाखू नको. समोर कायम दोन पाहिजेत.

ही अक्कल माझी नाही, आबांची. तू लहान होतीस म्हणून तुला आठवत नसेल, पण आबा तासगावच्या बेदाणा सौद्याला जायचे तेव्हा मला बरोबर न्यायचे. ढीग मांडलेले, कलकलाट चाललेला, आणि आबा मात्र देवळात आल्यासारखे गप्प. मूठभर बेदाणा उचलायचे, ओंजळीत धरून आत तोंडाची गरम वाफ सोडायचे आणि लगेच नाक खुपसायचे. मग एक मणी चिमटीत दाबायचे, एक दाढेखाली धरायचे, आणि तो गिळायच्या आधीच हात शेजारच्या ढिगात. मी एकदा म्हटलं, आबा, पहिलाच चांगला होता की, दुसरा कशाला बघताय? तर म्हणाले, "पहिला चांगला हाय का वाईट, ते दुसऱ्याबिगर कळतंय व्हय?"

पुढं लॅबमध्ये एका बाईंनी मला वाईन चाखायचं रीतसर शिकवलं तेव्हा मी मनातल्या मनात हसत होतो, कारण ग्लास फिरवायचा, वास वर येऊ द्यायचा, नाक घालायचं, घोट जिभेवर खेळवायचा, हे सगळं आबा ओंजळीत करत होतेच. वाफ कशाला सोडायची? तर गार वस्तूचा वास बसलेला असतो, ऊब मिळाली की उठतो. फ्रीजमधून काढलेल्या वाईनला काहीच वास नाही म्हणून तक्रार करायच्या आधी ग्लासाचं पोट तळहातात धरून दोन मिनिटं थांब.

पहिला आठवडा वाईनला हातच लावू नको. बिनदुधाचा चहा दहा मिनिटं रटरट उकळ आणि घोट घे, हिरड्या आवळल्यासारख्या होतात ना, ते टॅनिन. मग साधं लिंबूपाणी, साखर न घालता, घोट गिळल्यावर किती वेळ तोंडाला पाणी सुटतंय ते बघ, ती ॲसिडिटी. मग त्याच लिंबूपाण्यात दोन चमचे साखर टाकून परत पी. लिंबू तेवढंच आहे पण आंबट कमी लागतंय. जर्मनीच्या रिस्लिंगमध्ये किंवा फ्रान्सच्या व्हूव्रेच्या शेनिन ब्लांकमध्ये बऱ्याचदा हाच खेळ असतो, साखर असते पण आंबटपणा तिला झाकून धरतो, आणि लोक ड्राय, म्हणजे बिनगोड, म्हणून पिऊन जातात.

आता वाईन. आधी एकच द्राक्ष, पण दोन गावचं. नाशिकचं सोव्हिन्यों ब्लांक घे आणि न्यूझीलंडच्या मार्लबरोचं एक घे, तुझ्या हॉटेलात दोन्ही असणारच. सारखे ग्लास, सारखं तापमान, तळाशी दोन बोटं वाईन. बऱ्याचदा मार्लबरोचं ग्लासाबाहेर उडी मारून येतं, पॅशनफ्रूट, चिरलेलं गवत, आणि ढबू मिरची. ढबू मिरची मी उगाच म्हणत नाही, पायराझिन नावाची जी रसायनं ढबू मिरचीत असतात तीच या द्राक्षात असतात, आणि ऊन-ऊब जास्त मिळाली की कमी होत जातात. आपल्याकडचं मग जरा पिकल्या पेरूकडं झुकल्यासारखं वाटेल, नाही वाटलं तर तसं लिही. दोन्हीतलं चांगलं कुठलं हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारूच नको. फरक काय, एवढंच वहीत लिही.

दुसरी जोडी शिराझची. फ्रान्सच्या उत्तर ऱ्होनमधलं सिरा आणि ऑस्ट्रेलियाच्या बरोसाचं शिराझ, नावं दोन पण द्राक्ष एकच. ऱ्होनच्या वाईनमध्ये काळी मिरी कुटल्यासारखा वास येतो म्हणतात. येतोच, कारण रोटंडोन नावाचा जो रेणू मिरीत असतो तोच या द्राक्षात सापडला, 2008 ला ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी शोधलं ते. पण गंमत पुढं आहे. त्यांच्याच तपासणीत पाचातल्या एका माणसाला तो वास अजिबात येत नव्हता, कितीही घातला तरी. मी त्या पाचातला एक आहे! दोन वर्षं मी मान डोलावून "हो हो, पेपर" म्हणत होतो आणि रात्री झोपताना स्वतःची लाज वाटायची. तेव्हा तुला जे लागत नाही ते लागलं असं म्हणू नको, तुझ्या नाकात दोष नसेलही आणि असला तरी तो माहीत असणं जास्त उपयोगाचं.

शब्दांचं तसंच. मी वहीत ब्लॅककरंट लिहायचो आणि ब्लॅककरंट जन्मात खाल्लेलं नव्हतं. शेवटी त्या बाईंनीच विचारलं, तुला घरचं काय आठवतं ते सांग, आणि मी म्हटलं करवंद, डिंक लागलेलं, अर्धं कच्चं. त्या म्हणाल्या मग तेच लिही. तू वहीत दोन रकाने कर. डावीकडं तुझं, जांभूळ, करवंद, काकवी, हरभऱ्याचा डहाळा, आजीच्या ट्रंकेतला वास, काय येईल ते. उजवीकडं गिऱ्हाईकाला आणि परीक्षेला लागणारा शब्द. डावा रकाना आधी भरायचा, उजवा नंतर. उलटं केलंस की संपलं, मग कायम लेबलच चाखशील.

आणि डोळ्यावर विश्वास नको. 2001 मध्ये फ्रान्समध्ये बोर्दोला फ्रेडरिक ब्रोशे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग छापला, 54 विद्यार्थी, सगळे वाईनशास्त्राचेच. त्यांना पांढरी वाईन दिली, आणि तीच पांढरी वाईन बिनवासाचा लाल रंग घालून दिली. लाल दिसणारीला पोरांनी रेड वाईनचे शब्द लावले. शिकलेली पोरं हां! म्हणून आठवड्यातून एकदा तरी मैत्रिणीला सांग, डोळ्याला रुमाल बांध आणि ग्लास हातात दे. पहिल्यांदा लाल का पांढरी तेपण चुकेल. मी चुकलोय, ते पण मालकासमोर.

व्हिंटेजचं मात्र मी तुला शिकवायची गरज नाही, तू बागायतदाराची पोर. बाटलीवर जे साल असतं ते द्राक्ष तोडलं ते साल, एवढंच. पण त्या आकड्यात अख्खा हंगाम असतो. 2019 आठव, ऑगस्टला महापूर आणि वर ऑक्टोबर-नोव्हेंबरला पाऊस हटेना, फळछाटणी झालेल्या बागांत दावण्या रोग शिरला आणि तुझा बाप रात्री बॅटरी घेऊन बागेत फिरत होता. बोर्दोवाल्याचं तसंच आहे, फक्त त्याची भीती वेगळी, वसंतात हिमकडाका आणि सप्टेंबरला पाऊस. 2010 त्यांचं लय गाजलेलं साल, 2013 थंड आणि ओलं, द्राक्ष धड पिकलंच नाही. हॉटेलच्या ट्रेनिंगला कधी एकाच शातोची, म्हणजे तिकडच्या एकाच वायनरीची, अशी दोन सालं शेजारी मिळाली तर बाकी सगळं सोड आणि तिथं बस. स्वतः विकत घ्यायचं म्हणू नको, बाहेरच्या वाईनवर आपल्याकडं वर्षानुवर्षं जबर कस्टम ड्युटी बसत आलीय, तुझा पगार मला माहीत आहे.

एक लक्षात ठेव, साल सगळीकडं सारखं नसतं. फ्रान्समध्ये तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरला, ऑस्ट्रेलियात फेब्रुवारी-मार्च-एप्रिलला कारण तिकडचा उन्हाळा तेव्हा. आपण तर त्यांच्यासारखे उत्तर गोलार्धातले, पण पावसाळा चुकवायला एप्रिलला खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतर फळछाटणी करून हिवाळ्यात पीक घेतो, म्हणून तोडणी जानेवारी ते मार्च. हे गिऱ्हाईकाला सांगितलंस तर त्याला फार आवडतं, टिप बरी मिळते. आणि आपल्या बहुतेक वाईन ताज्याच प्यायच्या, जुनी म्हणजे चांगली हे डोक्यातून काढ. स्पेनमधल्या रिओहाच्या बाटलीवर ग्रान रिझर्वा लिहिलेलं असेल तर ती रेड विकायच्या आधी किमान पाच वर्षं मुरवलेली असते, त्यातली दोन लाकडात, ते बघून घेतलंस तर जुनेपणाची चव स्वस्तात कळेल.

आबांना एक गोष्ट शेवटपर्यंत पटली नाही. आम्ही आयुष्यभर घड जीएमध्ये, म्हणजे जिबरेलिक ॲसिडच्या पाण्यात, बुडवून मणी फुगवले, बाजाराला मोठा, पातळ सालीचा, बिनबियांचा पाहिजे. आणि रेड वाईनला पाहिजे बारका मणी, जाड साल, आत बी, कारण रंग आणि तुरटपणा सगळा सालीत आणि बीत. मी पलूसहून काबर्ने सोव्हिन्योंचा घड आणून दाखवला तर आबा म्हणाले, हे तर टाकायचं द्राक्ष.

खराब बाटली ओळखायला तर तुला सांगलीनंच शिकवलंय. 2019 चा पूर ओसरल्यावर आपण गावभागातलं दुकान उघडलं, पुठ्ठ्याचे खोके भिजून आंबलेले, पोती, भिंतीला ओल, तो जो वास आला ना तो डोक्यात जपून ठेव. बुचातून टीसीए नावाचा पदार्थ वाईनमध्ये उतरला की अगदी तोच येतो, फळाचा वास मरतो आणि ओला पुठ्ठा उरतो. गिऱ्हाईकाला विषबाधा वगैरे काही होत नाही, पण बाटली गुपचूप बदलून द्यायची, वाद घालायचा नाही. आणि काडी ओढल्यासारखा वास आला तर घाबरू नको, तो गंधक, पिवळ्या बेदाण्याला शेडमध्ये धुरी देतात तोच. ग्लास फिरवला की बऱ्याचदा उडून जातो.

तापमान. रेड वाईन रूम टेंपरेचरला द्या म्हणतात ती रूम युरोपातली गं, आपली एप्रिलमधली नव्हे. सोळा-अठरा डिग्रीला द्यायची, म्हणजे आपल्याकडं आधी फ्रीजमध्ये ठेवायची. मी एकदा मे महिन्यात मुंबईहून एक चांगली बाटली बसनं आणली, पिशवी नेमकी इंजिनच्या वर ठेवलेली. घरी आलो तर बूच अर्धा सेंटीमीटर वर आलेलं आणि आत शिजवलेला जॅम. सहा महिने पैसे साठवून घेतलेली होती, तरी हट्टानं सगळी प्यायली.

किरकोळ राहिलंच. चाखायचं सकाळी दहा-अकराला, जेवायच्या आधी. सेंट नाही, गजरा नाही, शेजारी फोडणी नाही. तांबड्या रश्श्याबरोबर तुरट रेड कुणी मागितली तर हळूच थोडी गोडसर शेनिन सुचव, तिखटावर टॅनिन आणि अल्कोहोल आणखी भडकतं. आणि थुंकायचं, लाजायचं नाही. एवढी पिचकारी मारणाऱ्या गावात वाढलीस आणि तुला थुंकायची लाज वाटते म्हणजे कमाल आहे. ताईलाही हेच सांग, चाखणारी माणसं गिळत नाहीत.

दिवाळीला येशील तेव्हा माझ्याकडं ये. शिराझच्या दोन बाटल्या ठेवल्यात, एकाच वायनरीच्या, मध्ये तीन वर्षांचं अंतर. लेबलं मी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवतो, कुठली जुनी ते तू सांगायचं. रुमाल तू आण, माझे सगळे हळदीचे झालेत.

तुझा
मामा