ड्रायर नुसता घुमतो, फिरत नाही

प्रश्न : काका, आमचं सेमी ऑटोमॅटिक मशिन नऊ वर्षांचं आहे. धुण्याची बाजू ठणठणीत. ड्रायरचा टायमर फिरवला की मात्र नुसता 'घूंऽऽ' आवाज येतो, टब हलत नाही. झाकण उघडून हाताने फिरवला तर घट्ट लागतो. मेकॅनिकने तेवढ्यावरूनच 'मोटर जाम, २२०० रुपये' असं सांगून टाकलं. आषाढ लागलाय, घरभर दोऱ्या बांधल्यात. मोटर बदलू का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, थांबा. झाकण उघडं असताना ड्रायर हाताला घट्टच लागायला हवा! झाकण उचललं की स्विच मोटरची वीज तोडतो आणि झाकणाला बांधलेली तार ढिली पडून ब्रेक लागतो (झाकण लावलं की तीच तार ओढली जाऊन ब्रेक सुटतो), म्हणजे फिरत्या टबात कुणाचा हात सापडू नये. तुमचा ब्रेक शाबूत आहे, एवढंच त्यातून कळलं. हँडब्रेक ओढून गाडी ढकलायची आणि इंजिन गेलं म्हणायचं, तसं झालं हे.

आवाज येतोय हे बरं आहे. अजिबात आवाज नसता तर मी झाकणाचा स्विच, टायमर, नाहीतर उंदराने कुरतडलेली वायर शोधली असती. (पावसाळ्यात उंदरांना मशिनच्या पोटाइतकी कोरडी जागा दुसरी कुठे मिळणार? तळाला जाळी लावून घ्या.) तुमच्याकडे मोटरपर्यंत वीज पोचते, पण तिला फिरता येत नाही. म्हणून टायमर पुन्हा पुन्हा फिरवून बघू नका. अडलेली मोटर लगेच तापते आणि मग खरोखरच जळते.

आधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. टबाच्या कडेने फटीत टॉर्च मारा. आमच्याच घरी नातवाचा एक मोजा तिथे अडकला होता आणि मी, इतकी वर्षं हेच काम करणारा, आधी मागचं झाकण खोलून बसलो होतो!

फटीत काही नसेल तर मागचं झाकण खोला. मोटरच्या वर ब्रेकचा गोल डबा दिसेल. कुणाला तरी ड्रायरचं झाकण लावायला सांगा आणि ब्रेक सुटतो का ते बघा. सुटत नसेल तर तार सैल झाली आहे. बऱ्याच मशिनांत तारेच्या टोकाला दोन-तीन भोकं असतात, एक भोक पुढे अडकवलं की काम झालं.

ब्रेक सुटला आणि मागून डबा हाताने फिरवल्यावर टब अलगद फिरला, तर बहुतेक वेळा दोष कपॅसिटरचा, म्हणजे मोटरला फिरायला सुरुवात करून देणाऱ्या भागाचा. शे-दीडशेची वस्तू. पण जुन्याच्या पिनांना हात लावू नका, प्लग काढला तरी त्यात वीज साठलेली असू शकते. हे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. मायक्रोफॅरॅडचा (कपॅसिटरच्या क्षमतेचा) आकडा जुन्यावर छापलाय तोच हवा. काही मशिनांत दोन्ही मोटरींना मिळून एकच कपॅसिटर असतो, त्यावर दोन आकडे असतात. ते दोन्ही जुळले पाहिजेत.

ब्रेक सुटूनही टब घट्टच राहिला तर मेकॅनिकचं म्हणणं खरं असू शकेल. २०२१च्या पुरात मशिन बुडालं होतं का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. मोटरवर तांबूस ओघळ दिसले तर टबाखालचं सील गळतंय. मोटर बदलाच, पण त्याआधी सील बदलायला लावा. नाहीतर नव्या मोटरवरही तेच पाणी ठिबकत राहील.